पाहुणा होण्याचे व्रत : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव प्रथम ओठांवर येते. १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे गोडवे रसिक गातात ते त्यातल्या घरगुती भाषेसाठी आणि निर्मळ विनोदासाठी. आम्ही धर्मगुरू प्रवचनात त्याचा दाखला देतो तो श्रद्धेच्या प्रवासासाठी. ही दोन्ही वाचने योग्यच आहेत. परंतु या ग्रंथाचे तिसरेही एक वाचन संभवते, ते म्हणजे आतिथ्याचा आणि शेजारधर्माचा ग्रंथ म्हणून. मराठवाड्यातील आपल्या छोट्या छोट्या धर्मग्रामांना आज या वाचनाची विशेष गरज आहे, असे मला वाटते.

हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येथील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले, अशी परंपरा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव येथील लहान मुलालाही ठाऊक असतात. कोणाला पाहुणा मानायचे हे यजमानाने ठरवायचे नसते, हे त्या कथेचे मर्म. अशा भूमीत ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. मग आतिथ्यावर बोलताना आपण स्वतःला नेहमी यजमानाच्याच पाटावर का बसवतो? खरे पाहता येथे आपणच पाहुणे आहोत.

‘स्मृतिचित्रे’ नेमका हाच पाट फिरवते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे त्या मुलाला घेऊन तेव्हाच्या अहमदनगरात पतीजवळ राहायला आल्या, पण आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. मिशनच्या परिसरात त्यांना प्रेम मिळत होते, मदत मिळत होती, तरी अंतर मिटत नव्हते. माणसे देवाने केली, जाती माणसांनी केल्या, हा विचार मनात स्थिरावला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी स्वीकारले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. त्यांच्या जीवनातला निर्णायक क्षण काही देण्याचा नाही, घेण्याचा आहे.

शुभवर्तमानाची साक्षही हीच आहे. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू त्या शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागतो. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर येते. जक्कयाच्या घरी तो स्वतःहून मुक्काम मागतो. शिष्यांना गावोगाव धाडताना शिधावाटपाची यादी त्यांच्या हाती देत नाही. जे पुढे वाढले जाईल ते खा, असे सांगतो. अम्माऊसच्या घरात पाहुणा म्हणून शिरलेला प्रभू भाकरी मोडताना यजमान होतो. घेणाऱ्याचा हात रिकामा असतो, म्हणूनच तो दुसऱ्याचा मान वाढवतो. केवळ देत राहणारा मात्र नकळत उंचावर उभा राहतो. आपल्या सेवाकार्याकडे ‘यामागे हेतू काय?’ अशा संशयाने पाहिले जाते तेव्हा आपण दुखावतो. पण ज्याच्या घरचा चहा आपण कधी प्यायलो नाही, त्याने आपल्या दानावर विश्वास का ठेवावा?

मात्र या ग्रंथाचे कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातल्या होत्या. त्यांनी इतरांच्या हातचे पाणी घेतले, हे त्यांच्या बाजूने मोठे धैर्य. पण ज्यांच्या हातचे ते पाणी होते त्यांच्या मनात काय चालले होते, हे या स्मृतींमध्ये फारसे उमटत नाही. मराठवाड्यातील आपल्या अनेक कुटुंबांची कथा त्या दुसऱ्या बाजूची आहे. त्यांच्या वाडवडिलांनी विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळीत वरून ओतलेले पाणी घेतले. ‘घ्यायला शिका’ हा उपदेश त्यांना करणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांच्या घरचे पाणी कोणीतरी मागून प्यावे, हीच त्यांची भूक आहे. म्हणून आतिथ्याची कसोटी प्रत्येक घरासाठी सारखी नाही. ज्याला आजवर देण्याचाच मान मिळाला त्याने घ्यावे. ज्याला घेण्याचीच वेळ आली त्याच्या उंबऱ्याला देण्याचा मान मिळावा. आणि हा हिशेब प्रथम आपल्या मिस्सेला जमणाऱ्या मंडळीतच मांडायला हवा. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी कुटुंबे एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसतात काय?

ग्रंथातील आणखी एक गोष्ट समीक्षकांकडून सहसा हसण्यावारी जाते. टिळक उदार, पैसा त्यांच्या हाती ठरत नसे, माणसांना मात्र त्यांच्या घरी सदैव वाव. त्या औदार्याची तोंडमिळवणी करताना लक्ष्मीबाईंची उडणारी तारांबळ वाचून आपण खळखळून हसतो. पण त्या विनोदाखाली एक रास्त तक्रार आहे. आतिथ्याचे पुण्य उंबऱ्यावर ‘या’ म्हणणाऱ्याला लाभते, धूर मात्र चुलीजवळच्या बाईच्या डोळ्यांत जातो. धर्मग्रामाने पाहुण्यांचे स्वागत करायचे ठरवले की पंगतीची भांडी कोण घासते, हे पाहिले म्हणजे आपण लक्ष्मीबाई किती वाचल्या ते कळते.

टिळक स्वतः पुढे आणखी दूर गेले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. टिळक प्रोटेस्टंट परंपरेतले. ख्रिस्तसभा आणि साक्रामेंत यांविषयीची आपली कॅथलिक धारणा वेगळी आहे, म्हणून त्यांचा प्रयोग जसाच्या तसा आपल्याला उचलता येणार नाही. परंतु आवाराची भिंत ओलांडून देशबांधवांत जाऊन बसण्याची त्यांची तळमळ आपली व्हायला हरकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मीयांशी संवादाचे दार उघडले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२०च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा सर्वांपुढे ठेवला. दार उघडे असले तरी बाहेर पाऊल आपल्यालाच टाकावे लागते.

आषाढी वारीसाठी नरसीहून नामदेवांची पालखी पंढरीला निघते, महाशिवरात्रीला औंढ्यात यात्रा भरते. वाटेवर पाण्याचा माठ ठेवावा, हे सहज सुचते. त्याहून अवघड काम म्हणजे शेजाऱ्याने जेवायला बोलावले की जाणे. संत पौलाने करिंथकरांना सांगितले आहे की, अविश्वासी माणसाने बोलावले आणि जावेसे वाटले तर पुढे ठेवलेले चौकशी न करता खावे. हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर मात्र त्याच्या सद्‌सद्विवेकासाठी थांबावे, असेही तो म्हणतो. आपण हा दुसरा भाग तत्परतेने पाठ केला आणि पहिला विसरलो. आमंत्रण येताच नकाराचे कारण शोधणाऱ्याला पौलाचा आधार नाही. तसेच हळद शिजवण्याच्या दिवसांत, लेकीच्या लग्नात, मर्तिकाच्या घरी शेजारी हात मागतो आणि आपल्यालाही त्याचा हात मागावा लागतो. त्या मागण्यात कमीपणा नाही.

‘स्मृतिचित्रे’ अनेक घरांत कपाटाची शोभा झाली आहे. ती खाली काढावी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरातल्यांनी दोन-दोन पाने मोठ्याने वाचावीत. आणि वाचून झाल्यावर ज्या घराचे पाणी आपण आजवर प्यायलो नाही, त्या घरी जाऊन तांब्याभर पाणी मागावे.