फादर स्टीफन्सच्या वेषात

आळेफाट्यावर नुकत्याच पाहिलेल्या एकपात्री प्रयोगात एका तरुण नटाने फादर थॉमस स्टीफन्स उभे केले. काळा झगा, हाती जपमाळ, मुद्रा शांत. येथवर सारे यथायोग्य. ओव्यांना पेटीची साथ होती. सतराव्या शतकात पेटी कुठली? तो दोष क्षम्य मानू. परंतु हशा मिळावा म्हणून फादरांच्या मुखी मोडकीतोडकी मराठी घातली, हे फार खटकले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ साली रायतूर येथे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापविले. ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी येथून जवळच, आळे गावी आहे. निदान त्या परिसरात तरी ओवीकाराला बोबडे करू नये. गाताना नटाचे उच्चार निर्दोष होते. मग बोलतानाच ते का बिघडविले?