‘हायावाथा’ आणि एका आईच्या ओळी

लाँगफेलोचे नाव शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे पुष्कळांच्या ओळखीचे आहे. त्याचे ‘द साँग ऑफ हायावाथा’ हे दीर्घकाव्य १८५५ साली प्रसिद्ध झाले. सुपीरिअर सरोवराच्या काठी घडणारी ही कथा मी तरुणपणी मोठ्या आवडीने वाचली होती. यंदा ती पुन्हा वाचायला घेतली आणि खरे सांगायचे तर, पुस्तक मिटताना मन खट्टू झाले.

यातल्या बहुतेक कथा मुळात ओजिब्वे लोकांच्या. हे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांत, मोठ्या सरोवरांच्या परिसरात त्यांची वस्ती आजही आहे. त्यांच्या कथांचा नायक नानाबोझो. तो व्रात्य आहे, खादाड आहे, दुसऱ्याला फसवतो आणि स्वतःही फजीत होतो. म्हणूनच तो ऐकणाऱ्याला घरचा वाटतो. लाँगफेलोने त्याला नाव दिले हायावाथा, म्हणजे इरोक्वा या निराळ्याच लोकांतील एका पुढाऱ्याचे. छंद घेतला फिनलंडच्या ‘कालेवाला’चा. एवढी उसनवारी कवीला माफ असते. परंतु नानाबोझोचा खट्याळपणा गेला आणि उरला एक गंभीर, सद्गुणी वीर. शेवटी तर हा वीर ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे ऐकायला आपल्या लोकांना सांगून पश्चिमेकडे निघून जातो! ही जाण्याची घाई नायकाची नव्हे, कवीची आहे.

लाँगफेलोला या कथा मिळाल्या त्या हेन्री स्कूलक्राफ्ट या सरकारी अधिकाऱ्याच्या ग्रंथांतून आणि स्कूलक्राफ्टला बऱ्याच अंशी सासुरवाडीतून. त्याची पत्नी जेन (१८००–१८४२) हिची आई ओजिब्वे, वडील आयरिश व्यापारी. तिच्या ओजिब्वे नावात ताऱ्यांच्या धावण्याने आकाशात उठणारा नाद आहे. नवऱ्याने १८२६-२७ मध्ये काढलेल्या हस्तलिखित नियतकालिकात ती लिहीत असे.

१८३९ साली मुलगी आणि मुलगा यांना पूर्वेकडच्या शाळांत ठेवून परत निघताना जेनने ओजिब्वेत एक कविता लिहिली. कविता इवलीशी आहे. माझा देश, माझी छकुली, माझा छकुला, त्यांना मी मागे ठेवून चालले, एवढाच ऐवज. तेच शब्द फिरून फिरून येतात. नवऱ्याने तिचे इंग्रजी केले तेव्हा ती लांबली, तिला यमके आली आणि कर्तव्याची आज्ञा पाळलीच पाहिजे असा बोधही तीत आला. मी स्वतः शाळामास्तर आहे. मुलाला शाळेत सोडून पाठ फिरवणारी आई मी दर जूनमध्ये पाहतो; त्या क्षणी तिच्या तोंडून बोध निघालेला मी तरी ऐकलेला नाही.

इथे भाषेचाही प्रश्न आहे. ओजिब्वेत ‘मुलगी’ असा सुटा शब्द उच्चारता येत नाही; माझी, तुझी, तिची, कुणाची तरी म्हणावीच लागते. तेव्हा जेनचे ‘माझी’ हा काही भावविवशतेचा अलंकार नव्हे, तो व्याकरणातच आहे. त्या भाषेत दगडही सजीव नामांत मोडतो. रासबेरी सजीव, पण स्ट्रॉबेरी मात्र निर्जीव! (आपले लिंगभेद परक्याला शिकवून पाहा, मग हसा.) शिवाय ऐकणाऱ्याला वगळणारे ‘निनाविंद’ आणि त्याला सामावून घेणारे ‘गिनाविंद’ अशी दोन सर्वनामे तीत आहेत. इंग्रजीत दोहोंचे एकच होते. आपल्याकडे मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ तयारच आहेत. मराठी अनुवादकाने लाँगफेलोच्या वाटेने न जाता थेट ओजिब्वेकडे जावे, असे मला म्हणूनच वाटते.

पुढे अमेरिकेत आणि कॅनडात ओजिब्वे मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत घातले गेले आणि तिथे मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत. जेनच्या मुलांची शाळा त्यांतली नव्हती. तरीही तिच्या ओळी आज वाचताना त्या शाळा आठवतातच. जेनचे लेखन एका ग्रंथात एकत्र यायला २००७ साल उजाडले. त्यात ती ओजिब्वे कविता आहे, नवऱ्याचे लांबलचक इंग्रजी आहे, आणि भाषेच्या जाणकारांनी नव्याने केलेला साधा अनुवादही आहे. तो साधा अनुवाद मी आधी वाचला. नवऱ्याचा मग वाचवेना.