डॅनियलांचीं चित्रें: प्रमाण किती?

थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम यांच्या 'ओरिएंटल सीनरी' (१७९५–१८०८) या संग्रहांत १४४ चित्रें आहेत. तीं यंत्रसाहाय्यानें काढलेलीं, म्हणून इतिहासास निःसंशय ग्राह्य, असें मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

'कॅमेरा ऑब्स्क्यूरा' ही अंधारी पेटी होय. तींतील भिंग समोरच्या वास्तूचें प्रतिबिंब कागदावर पाडतें व चित्रकार त्यावरून पेन्सिल फिरवितो. स्तंभांचें परस्पर प्रमाण, कमानींची ठेवण यांत हें साधन हातास फारसें चुकूं देत नाहीं; डॅनियलांच्या वास्तुरेखांचें श्रेय त्यास अवश्य द्यावें. परंतु पेटी कोठें मांडावी हें चित्रकारच ठरवितो. शिवाय या संग्रहाचे ठसे हिंदुस्थान सोडल्यावर लंडनमध्यें सिद्ध झाले. आकाश, छाया व माणसें यांची जुळवणी तेथें कलादृष्टीनें होणें स्वाभाविकच होतें.

याहून महत्त्वाची गोष्ट वेरूळची. १८०३ च्या संचांतील २४ चित्रें जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून केलेलीं आहेत. डॅनियल स्वतः वेरूळास गेले नव्हते, आणि वेल्स तर १७९५ मध्येंच वारला होता.

नैयायिकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर वास्तुरेखा प्रत्यक्षाच्या जवळची, छटा अनुमानाची, आणि डॅनियलांपुरता वेरूळचा संच केवळ शब्दप्रमाणाचा. तिहींस एकच मोल देणें युक्त नव्हे. चित्र पुराव्यादाखल पुढें करण्यापूर्वीं तें कोणीं, कोठें व केव्हां रेखाटलें हें संशोधकानें विचारावें. यंत्राचें नांव हें त्या प्रश्नाचें उत्तर होऊं शकत नाहीं.