एकलव्याचे लाघव : शस्त्रगतीच्या मापनाचा प्रश्न

काल्पनिक पात्राची शस्त्रगती मोजता येते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटतो. महाभारत शिकवताना मात्र तो वर्गात हमखास निघतो. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड मिटायला जेवढा वेळ लागेल त्याला सातने भागा, की एकलव्याची गती हाती आली! हा हिशेब हसण्यावारी नेण्यापेक्षा तो कोठे फसतो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आदिपर्वातील निवेदक (भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचा १२३वा अध्याय) बाणांची संख्या देतो, काळ देत नाही. काळाच्या जागी 'जणू एकाच वेळी' ही उत्प्रेक्षा येते. म्हणजे भागाकारातील एक आकडा संहितेचा आणि दुसरा वाचकाने बाहेरून आणलेला. शिवाय बाण सुटताना पांडवांपैकी तेथे कोणीही नाही. त्यांच्यापुढे येते ते बाणांनी भरलेले तोंड. त्यावरून ते लाघव आणि शब्दवेधित्व या दोन गुणांचे अनुमान करतात, लज्जित होतात आणि मग धनुर्धराचा शोध घेतात. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज लढतो तेव्हा पाहणारे समोर असतात, पण त्यांचा डोळा हरतो. प्रत्यंचाच बाणांना जन्म देते आहे असे भासते. दोन्ही ठिकाणी गतीचे माप हातात नसून पाहणाऱ्यात आहे. जेरार झेनेतने १९७२ मध्ये मांडलेली कथनवेगाची संकल्पना येथे फारशी कामाची नाही. ती कथाकाळ आणि संहितेची लांबी यांचे नाते सांगते, पात्राच्या हाताविषयी काही सांगत नाही.

मापनाचा खरा निर्देश पुढे, अंगठा दिल्यानंतर येतो. आणि तो चर्चेतून सहसा निसटतो. एकलव्याची धनुर्विद्या संपली, असे आपल्याकडे सरसकट लिहिले जाते. दलित कवितेने त्या तुटलेल्या अंगठ्याला दिलेले प्रतीकमूल्य निर्विवाद आहे, परंतु संहितेचे विधान याहून बारीक आणि मला वाटते अधिक क्रूर आहे. उरलेल्या बोटांनी तो धनुष्य ओढू लागला, मात्र पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, एवढेच ती नोंदवते. 'पूर्वी' आणि 'नंतर' यांची ही तुलना हेच या कथेतील गतीचे मोजमाप होय. तिला निमिषांचे परिमाण लागत नाही.

या दृष्टीने पाहता दक्षिणेची मागणी विलक्षण नेमकी ठरते. पांडवांनी ओळखलेल्या दोन गुणांपैकी शब्दवेधित्व कानाचे, ते मागून घेता येत नाही. लाघव हाताचे, ते अंगठ्याबरोबर घेता येते. द्रोण तेवढेच घेतो. एकलव्य धनुर्धर राहतो, आवाजाचा वेध घेणारा कानही त्याच्यापाशी राहतो. कमी होते ती केवळ शीघ्रता. आणि अर्जुनाचा ज्वर उतरायला तेवढी घट पुरते.