मूठभर म्हणजे किती?

फर्दापुरात राहणाऱ्या माणसाला एक वाक्य लहानपणापासून ऐकू येतं: अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथनं शोधली. दहाव्या लेण्यात स्मिथचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलेली आहे, म्हणजे पुरावा पक्का. वाघूरच्या वळणावरची ही लेणी ज्यांना आधीपासून ठाऊक होती, त्या आसपासच्या लोकांनी नावं कोरली नाहीत. म्हणून शोध स्मिथचा! आज मी ज्या पुस्तकावर लिहितेय त्यात मला हीच गडबड दिसते, फक्त फार मोठ्या मापात.

पुस्तक म्हणजे जॅरेड डायमंड यांचं ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ (१९९७). संशोधनाकडे वळताय म्हटल्यावर कोणीतरी ते तुमच्या हातात ठेवेलच. मूठभर स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझ्टेक आणि इंका साम्राज्यं कशी काय जिंकली, हा त्यातला एक मोठा प्रश्न. उत्तर: पोलाद, घोडे, बंदुका, लिपी आणि देवीची साथ. माझी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीत. आपल्या जंतूंना इतिहासात एवढा मान मिळालेला बघून मी भारावून गेले आणि सेमिनारमध्ये हेच सगळं ठोकून दिलं. शेवटी एका बाईंनी शांतपणे विचारलं, “मूठभर म्हणजे किती? आणि मोजले कोणी?” मला उत्तर आलं नाही.

आता मोजू या. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे साधारण पाचशे सैनिक आणि सोळा घोडे होते. पण १३ ऑगस्ट १५२१ ला टेनोच्टिट्लान पडलं, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत त्लाश्कालाचे आणि इतर नगरांचे हजारो, काही अंदाजांनुसार लाखाच्या घरात, योद्धे होते. स्पॅनिश हजाराच्याही आत. मग ‘मूठभर’ हा आकडा आला कुठून? मुख्यतः कोर्तेसनं राजाला लिहिलेल्या पत्रांतून आणि त्याच बाजूच्या आठवणींतून. क्यूबाच्या गव्हर्नरचा हुकूम मोडून निघालेल्या माणसाला स्वतःचा पराक्रम मोठा दाखवणं भागच होतं. त्लाश्कालाच्या लोकांनीही पुढे कापडावर चित्रं काढून आपली बाजू मांडली. त्यात ते स्वतः लढताना दिसतात. मॅथ्यू रेस्टॉल यांनी २००३ च्या ‘सेव्हन मिथ्स ऑफ द स्पॅनिश कॉन्क्वेस्ट’ मध्ये ‘मूठभर’ची ही समजूत चांगली सोलून काढली आहे. डायमंडच्या सोबत तेही वाचाच.

डायमंड या साथीदारांना अगदीच विसरत नाहीत. पण त्यांचा सूर असा, की स्पॅनिशांनी आधी एकट्यानं जिंकून दाखवलं, म्हणून बाकीचे सामील झाले. शिवाय देवी. १५२० मध्ये साथ आली, त्यात सम्राट क्वित्लावाक गेला, हे खरं. पण त्लाश्कालाचा माशिश्कात्सिन हा सरदारही त्याच साथीत गेला. जंतूंनी बाजू बघितली नव्हती.

आपल्या भाषेत बोलायचं तर इथे कंट्रोल कुठाय? मला तो गोव्यात दिसतो. १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा घेतला तेव्हा देवी इथे नवी नव्हती. घोडे, पोलाद, तोफा विजापूरच्या आदिलशाहीकडेही होत्या. तरी गोवा पडला. आल्बुकर्क निघाला होता भलतीकडेच. गोव्यावर चाल करायला त्याला होनावरच्या तिमोजानं पटवलं, तेही गोव्यातली पहिली गोळी सुटायच्या आधी. मे महिन्यात आदिलशहानं शहर परत घेतलं, पोर्तुगीज पावसाळाभर मांडवीत अडकून पडले आणि २५ नोव्हेंबरला त्यांनी ते पुन्हा जिंकलं. म्हणजे जंतूंचा व्हेरिएबल काढून टाकला तरी विजय शिल्लक राहतो. आणि स्थानिक साथीदारही.

बदलतं ते पुढचं. मेक्सिकोत साथींनी लोकसंख्या कोसळली आणि एक अख्खा प्रदेश स्पॅनिशांच्या हाती राहिला. गोव्यात पोर्तुगीज दोन शतकांहून जास्त काळ तिसवाडी, बारदेश, साष्टी एवढ्यावरच अडले. पेडणे, सत्तरी, फोंडा अठराव्या शतकात आले. उलट रोगराईनं त्यांचंच जुनं गोवं ओस पाडलं आणि १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. माझं म्हणणं असं, की जंतू जिंकण्यापेक्षा टिकण्याचं स्पष्टीकरण जास्त चांगलं देतात. डायमंड या दोन गोष्टी एकाच शीर्षकाखाली टाकतात.

आता माझ्याच मांडणीतली भोकं. गोवा हा स्वच्छ कंट्रोल नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांवरच्या तोफांना समुद्रात तोड नव्हती, आणि १५०९ ची दीवची लढाई जिंकल्यानं त्यांचा दबदबा तिमोजापर्यंत पोचला असणारच. शिवाय डायमंडचा खरा प्रश्न तेरा हजार वर्षांचा आहे, एका बेटानं तो खोटा पडत नाही. एन बरोबर एक घेऊन रिव्ह्यूअरसमोर गेलात तर काय होतं, ते तुम्हाला लवकरच कळेल.

सेमिनारची ती फाईल अजून माझ्याकडे आहे. पहिल्या स्लाइडवरचा ‘मूठभर’ मी खोडला आणि तिथे आकडा टाकायला बसले. एका ओळीत मावेना, म्हणून आता तिथे तक्ता आहे: कोणी मोजले, कोणासाठी लिहिले, कोण मोजायचे राहिले. तिसरा रकाना अजून भरतेय.