पिसांचा मोह

कर्क वॉलेस जॉन्सन यांचें ‘द फेदर थीफ’ हें इंग्रजी पुस्तक २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. चोरीची हकीकत म्हणून वाचणारास तें कंटाळा आणणार नाहीं. परंतु आम्ही त्याचा परामर्श येथें घेतों तो निराळ्या कारणासाठीं. ज्या कलेपायीं ही चोरी झाली, तिच्या साहित्यांतील एक मोलाची वस्तु आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांत जन्मास येते. आणि ही गोष्ट येथील सुशिक्षितांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

२००९ च्या जूनमध्यें इंग्लंडांतील ट्रिंग येथल्या निसर्गेतिहास-संग्रहालयांतून एका अमेरिकन तरुणानें २९९ पक्ष्यांचीं कातडीं पळविलीं. तो लंडनमध्यें बांसरीचें शिक्षण घेत होता. त्यांतील कांहीं पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मलाया द्वीपसमूहांतून आणलेले होते. चोरीचा हेतु एकच : पिसें विकावयाचीं, आणि त्यांच्या माशा बांधावयाच्या.

‘माशी’ म्हणजे गळाला दोरा, लोकर, चमकी व पिसें गुंडाळून केलेलें खोटें भक्ष्य. प्रथम गळ पकडींत धरावयाचा, त्यावर दोऱ्याचा पाया घालावयाचा, मग शेपूट, अंग, गळपट्टी आणि पंख क्रमानें बसवून शेवटीं डोक्याला रोगण लावावयाचें. या विद्येंत दोन संप्रदाय आहेत. एक अनुकृतीचा. फ्रेडरिक हॅलफर्ड यानें १८८६ मध्यें पाण्यावर तरंगणाऱ्या माशांवर ग्रंथ लिहिला, तो याच मताचा. नदीवर जो कीटक उडतो त्याची हुबेहूब प्रतिमा करावी, हा त्याचा आग्रह. दुसरा संप्रदाय अलंकाराचा. जॉर्ज केल्सन याच्या १८९५ च्या ‘द सॅल्मन फ्लाय’ या ग्रंथांत त्याचें पूर्ण वैभव दिसतें. एकेका माशीला पांच-सात देशांतील पक्ष्यांचीं पिसें लागतात, आणि तीं कोणत्या जागीं कशीं बसवावीं याचे नियम एखाद्या छंदःशास्त्रासारखे कडक आहेत.

आतां गंमत अशी कीं, नदींत अंडीं घालण्यास चढलेला सॅल्मन मासा कांहीं खात नाहीं. तो माशीला तोंड लावतो तें क्रोधानें कीं संवयीनें, यावर वाद आहे. परंतु तिच्या पिसांचा जन्मदेश तो विचारीत नाहीं, यावर वाद नसावा. मग हा सारा शृंगार कोणासाठीं ? उघडच माणसासाठीं. आज अशा माशा बांधणारांपैकीं अनेकांनीं आपली कृति पाण्यांत कधीं टाकलेलीहि नाहीं. यांतील एका तांबड्या पिसाला ‘इंडियन क्रो’ म्हणतात. तो पक्षी भारताचाहि नाहीं आणि कावळाहि नाहीं, तो दक्षिण अमेरिकेंतला आहे. मात्र ‘जंगल कॉक’ नांवाचें जें पीस या माशांच्या गालावर डोळ्यासारखें चमकतें, तें खरोखर भारताचें : सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याच्या मानेचें. त्यावरील मेणचट ठिपके पाहिले म्हणजे कोणी मिनाकाम केलें असावें असा भास होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याला अभय दिलें आहे. परदेशीं आतां पाळलेल्या पक्ष्यांचीं पिसें वापरतात.

जॉन्सन यांचा मोठा गुण त्यांची चिकाटी. चोर सांपडला, २०११ मध्यें त्याला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली आणि प्रकरण मिटलें. पण १७४ कातडीं अखंड परत आलीं व त्यांतील १०२ लाच चिठ्ठ्या शिल्लक होत्या, या हिशेबानें लेखकाची झोंप उडते. पक्षी कोठें व केव्हां मिळाला हें सांगणारी चिठ्ठी तुटली म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनें तें कातडें मुकें होतें, हें त्यांनीं वाचकाच्या मनावर चांगलें ठसविलें आहे. दोष आम्हांस दिसतो तो असा : मोह कसा पसरला हें ते सांगतात, पण ती कला म्हणून कोठें चुकली याचा निवाडा करीत नाहींत. रंगविलेल्या कोंबडीच्या पिसाला खऱ्या पिसाची सर नाहीं, हें त्या मंडळींचें म्हणणें चोरीच्या आड झांकून जातें. त्याला उत्तर मिळत नाहीं.

हें उत्तर आम्हांस द्यावें लागलें. आमचा एक जुना विद्यार्थी दासगांवच्या खालीं खाडींत जिताड्यासाठीं गळ टाकतो. गांवठी कोंबड्याचीं पांढरीं पिसें व बकरीचे केंस घेऊन तो स्वतः माशा बांधतो. लेफ्टी क्रे या अमेरिकनानें १९५० नंतरच्या दशकाअखेर समुद्राच्या पाण्यासाठीं ‘डिसीव्हर’ ही जी माशी काढली, तिच्या वळणाची ही बांधणी. पाण्यांत ती लहान माशासारखी पोहते. त्याला कोणीतरी घाटांत मारलेल्या रानकोंबड्याची मान देऊं केली. ती नाकारून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, नाहीं म्हटलें खरें, पण डोळा रंगानें काढला, तर माझी माशी उणी ठरते का?”

क्षेमेंद्रानें काव्याचा प्राण औचित्य सांगितला. कमरेचा पट्टा गळ्यांत घातला तर सोन्याचा असला तरी शोभत नाहीं. जिताडा ज्या डोळ्याला फसतो तो रंगाचा असो वा मिन्याचा, माशीचें काम तेवढ्यानें झालें; त्यापुढचें सारें आमच्या हौसेचें, आणि हौसेसाठीं दुसऱ्या जिवाची मान मागणें हें अनौचित्य होय. येथूनच थोड्या अंतरावर काळ नदीच्या वाळणकोंडींत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे कोणी धरीत नाहीं. याच माशाला सॅल्मनहून बलाढ्य ठरवून एच. एस. टॉमस यानें १८७३ मध्यें ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलें. कोंडीच्या कांठीं कुरमुरे टाकणारा माणूसच वर घाटांत रानकोंबडा मारीत असेल, हेंहि आम्ही विसरत नाहीं. मर्यादा एका डोहापुरती पाळली म्हणजे ती सर्वत्र पाळली जाते असें नाहीं.

त्या मुलाला आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, तुझी माशी उणी नाहीं. पुस्तकहि वाचावयास दिलें. तें परत आलें तेव्हां पानांमध्यें खूण म्हणून एक पांढरें पीस होतें, गांवठी कोंबड्याचें.