अल्सवॉटर कुणाचे?

वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता मी वर्षानुवर्षे शाळेत शिकवीत आलो. त्या एकट्या भटकणाऱ्या कवीविषयी मुलांना मोठ्या उमाळ्याने सांगत असे. पुढे त्याची बहीण डोरोथी हिची रोजनिशी वाचली नि थोडा ओशाळलो. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडातील अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती फुले बहीणभावांनी मिळून पाहिली होती! कवितेत मात्र बहीण नाही.

असो. काव्याला एवढी मोकळीक असावी. हिमनदीने कोरलेल्या, साठ मीटरहून खोल अशा त्या पाण्याकाठी मनाला एकटेपण आले तर नवल नाही. मला खटकतो तो म्हातारा वर्डस्वर्थ. हा सरोवरांचा प्रदेश म्हणजे राष्ट्राचा ठेवा, असे आपल्या मार्गदर्शिकेत लिहिणारा तोच. पण १८४४ साली विंडरमियरकडे आगगाडी नेण्याचे घाटू लागताच त्याने वृत्तपत्रातून विरोध मांडला. अशा देखाव्यांची गोडी एकाएकी लागत नाही. कारागीर, मजूर, लहान दुकानदार यांनी सुटीला आपल्या गावाजवळच्या शेतांतच बायकामुलांसह फिरावे, असा त्याचा सूर. मॅट्रिकवर थांबलेल्या मला वाटले, हे पत्र मलाच आले आहे!

आणि त्याची कविता काय सांगते? फुले पाहताना त्यांचे मोल त्याला कळलेच नव्हते. ते कळले मागाहून, घरी स्वस्थ पडल्यापडल्या. मग गिरणीतल्या मजुराने एक दिवस ते पाणी पाहून आपल्या खोलीत नेले, तर त्याला हा नियम का नाही? आमची सहल वेण्णा तलावावर जाते तेव्हा मुले भेळेच्या गाडीभोवतीच घोटाळतात, हे मी नाकारीत नाही. पण चार महिन्यांनी एखाद्या निबंधात त्या तलावावरचे धुके उतरते.

आगगाडी १८४७ मध्ये आलीच. मँचेस्टरने थर्लमिअरवर धरण बांधले. १९५१ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, तरी १९६२ मध्ये त्याच शहराची नजर अल्सवॉटरवर गेली. ८ फेब्रुवारीला लॉर्ड बर्केट उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलले आणि ती योजना ७० विरुद्ध ३६ मतांनी पडली. दोनच दिवसांनी बर्केट वारले. पुढे तेथले पाणी नेले गेले, पण जमिनीखालून, काठ न विस्कटता.

हे बर्केट अल्व्हर्स्टन गावच्या एका कापडदुकानदाराचे चिरंजीव.